कोमलच्या वहीतली साखर

कोणीतरी चोरून गोड खातं आहे!

नाव घेत नाही. पण कुठल्या तरी फडताळामागे, पदराआड बर्फी मोडली जाते आहे आणि दुसऱ्या दिवशी तोंड पुसून मला सांगितलं जातं आहे, "नाही हो ताई, नुसती भाकरी खाल्ली!"

हे वाक्य मी एकदा आमच्या ऑफिसच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. काळे मॅडमनी ते वाचलं, डस्टर उचललं आणि पुसून टाकलं. काळे मॅडम म्हणजे आमच्या अभ्यासाच्या प्रमुख, डॉक्टर. म्हणाल्या, "गरोदरपणात साखर बर्फीशिवायसुद्धा वाढते. वारेतून येणारी हार्मोन्स इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. सगळ्या बायकांना चोर ठरवू नकोस."

फळा पुसला गेला. माझं मन काही पुसलं गेलं नाही.

आमचा अभ्यास आहे गरोदर बाईच्या साखरेचा. आईची साखर वाढली की ती वारेतून थेट बाळाकडे जाते. बाळ बिचारं ती पचवायला स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं, आतल्या आत फुगतं, बाळंतपण अवघड होतं. आणि जन्मल्यावर आईकडून येणारी साखर एकदम तुटते, इन्सुलिन मात्र चालूच. मग बाळाचीच साखर धाडकन खाली! हे का होतं, कुणाला होतं, कसं टाळायचं, यासाठी आम्ही चौघं नाशिकच्या आसपासची गावं पालथी घालतो. काळे मॅडम, लॅबचा प्रशांत, गाडी चालवणारे इस्माईलभाई आणि आहारशास्त्रात एम.एस्सी. झालेली मी.

दोन वर्षांत आकडे किती जमले ते मॅडमना विचारा. किस्से मात्र सगळे माझ्याकडे आहेत. ते मागावे लागत नाहीत. बाईचं रक्त घ्यायला गेलं की मागून किस्सा आपोआप येतो.

* * *

दिंडोरीकडच्या एका गावातली गोष्ट. आमची तपासणी अशी: बाईला ग्लुकोजचं गोड पाणी प्यायला द्यायचं, दोन तास बसवायचं, मग रक्त घ्यायचं. सोपं आहे, असं मला वाटायचं.

मी ग्लास भरला. सून हात पुढे करणार तेवढ्यात सासूबाईंनी तो मधेच धरला.

"काय हाय ह्यात?"

"ग्लुकोज आहे, मावशी. साखरेसारखंच."

"मंग आधी तू पी."

मला रागच आला. दोन वर्षं संशोधन करतेय, आणि माझ्यावर संशय! पण वाद घालण्यापेक्षा पिणं सोपं होतं. घटाघट प्यायले. रिकामा ग्लास उलटा करून दाखवला. "बघा! आता देऊ सूनबाईला?"

सासूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "थांब की! तूच म्हणालीस ना, दोन तासांनी कळतं म्हणून? बस हितं. तुला काय होतंय ते बघू, मंग सून पिईल."

बसले. पूर्ण दोन तास. मधे लघवीला उठले तर सासूबाई दारापर्यंत सोबत आल्या.

परत येताना प्रशांत म्हणाला, "आपल्या सगळ्या अभ्यासात नियम इतके काटेकोर पाळलेली ही एकच तपासणी!"

* * *

त्या दोन तासांत बाईने काही खायचं नसतं. आणि गरोदर बाईला उपाशी पाहणं आपल्याकडे कुणालाच जमत नाही. शेजारीण वाटी झाकून आणते, नणंद खिडकीतून हाक मारते. एका शाळेच्या ओसरीत सहा जणी बसवल्या होत्या. मी प्रशांतला सांगितलं, "आज एकही वाटी आत येता कामा नये!" फाटकावर इस्माईलभाईंना उभं केलं. रमजानचे दिवस होते, त्यांचा रोजा. म्हटलं, स्वतः उपाशी असलेला माणूस कुणाला खाऊ देणार?

त्यांनी पहारा चोख केला. चिवडा परत गेला, शिरा परत गेला. एक आजोबा डाळिंब घेऊन आले, तेही परत.

दोन तासांनी मी रक्त घ्यायला बसले, तर चौथ्या बाईच्या मुठीत खजुराची बी!

"कुणी दिला?"

तिचे डोळे फाटकाकडे गेले.

इस्माईलभाईंनी टोपी सारखी केली. "मॅडम, तिला गरगरत होतं. संध्याकाळी रोजा सोडायला ठेवलेले चार होते, त्यातला एक दिला." मी काही बोलायच्या आत त्यांनी घाईघाईने जोडलं, "पण मॅडम, कसम से, मी नाही खाल्ला!"

* * *

देवळाली कॅम्पमध्ये एका जवानाच्या बायकोला अभ्यासात घ्यायचं होतं. नवरा सीमेवर, ही एकटी क्वार्टरमध्ये. मी संमतीपत्र पुढे केलं. ते सात पानांचं आहे. बायका शेवटचं पान उघडून विचारतात, "सही कुठं?" मलाही तीच सवय.

ही बाई वाचायला लागली. पहिल्या पानापासून! मधेच उठून आमच्या गाडीचा नंबर लिहून आली. माझं ओळखपत्र पालथं करून पाहिलं. रक्त किती, कशात, कुठे जाणार, उरलं तर काय करणार, सगळं विचारलं.

मला वेगळीच शंका. ही कुठल्या वर्तमानपत्राची तर नाही? इतकं कोण वाचतं?

पाचव्या पानावर तिचं बोट थांबलं. "इथे लिहिलंय, 'आपण या अभ्यासातून कधीही बाहेर पडू शकता.'"

"हो. तुमचा हक्कच आहे तो," मी छाती फुगवून म्हटलं.

"मग कुणाला फोन करायचा? नंबरच नाही दिलेला. बाहेर पडा म्हणता, आणि दार कुठे आहे ते सांगत नाही!"

ते पत्र माझ्यासकट पाच शिकलेल्या लोकांनी तपासलं होतं. नव्याने छापावं लागलं.

* * *

आता कोमल.

पिंपळगाव बसवंतच्या अलीकडच्या एका गावात तिचं सासर. नवरा नितीन द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला. पहिलंच गरोदरपण. तपासणीत साखर बरीच वर निघाली. पथ्याने थोडी उतरली, पण पुरेशी नाही, म्हणून मॅडमनी इन्सुलिन सुरू केलं. आम्ही तिला साखर मोजायचं छोटं मशीन दिलं, पट्ट्यांच्या डब्या दिल्या आणि एक वही आखून दिली. दिवसातून चार वेळा बोट टोचायचं, आकडा लिहायचा. आठवड्याला नितीनने वहीचा फोटो पाठवायचा, मॅडम तो बघून इंजेक्शन किती घ्यायचं ते ठरवणार.

मशीन देताना मी सगळ्या घराला समोर बसवून बजावलं होतं, "हे मशीन संस्थेचं आहे, इकडे तिकडे न्यायचं नाही. आणि वहीतला एकही खाना रिकामा राहता कामा नये! एक दिवस चुकला तरी अभ्यास वाया."

कोमलच्या सासूबाई, सुमनकाकू, मान डोलवत होत्या.

सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचं आमंत्रण आलं. मी गेले, पण खरं सांगते, जेवायला नाही, धाड घालायला! ओटी, हिरवी साडी, फुलांचे दागिने ठीक आहे. पण त्या दोन झाकलेल्या वाट्या? एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मला त्या प्रकाराचाच तिटकारा, त्यात ही इन्सुलिनवरची बाई.

पण सुमनकाकूंनी मला कोपऱ्यात घेतलं. "काळजी नका करू मॅडम. तुमच्या तक्त्याबाहेरचं काय बी ठेवलं नाय वाट्यांत."

कोमलने डोळे मिटून एक वाटी उघडली. आत भुईमुगाची उकडलेली शेंग.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "आता हे काय? मुलगा का मुलगी?"

दुसरी वाटी उघडली. काकडीचा तुकडा. त्याने तर गोंधळ आणखी वाढला. मला गुदगुल्या होत होत्या. म्हटलं, चला, एका वाटीत दोन दुखणी गेली!

तेवढ्यात एका म्हातारीने ती शेंग उचलली, फोडली, आत पाहिलं आणि हात वर करून ओरडली, "दोन दाणे! जुळं हाय गं, जुळं!"

* * *

डोहाळजेवणानंतर कोमलची साखर चढायला लागली.

फोटो आला की मी आधी खाली शेवटचा आकडा बघायचे. चढलेला. मॅडमनी इंजेक्शन दोन युनिट वाढवलं, नितीनला निरोप पाठवला. पुढच्या आठवड्यात तोच प्रकार. पुन्हा दोन वाढवले. आकडे ढिम्म!

ऑफिसात प्रत्येकाचा संशय वेगळा. प्रशांत म्हणे, पट्ट्या उन्हात ठेवल्या असतील. मॅडम म्हणत, इंजेक्शन टोचायची पद्धत चुकत असेल. मला मात्र काही शोधायची गरजच वाटत नव्हती. वही नीटनेटकी, एकही खाना रिकामा नाही, मग चूक कुठे असणार? तोंडात!

मी कोमलला फोन लावला.

"कोमल, खरं सांग. काय खातेस?"

"काही नाही ताई. भाकरी, भाजी, डाळ."

"गोड?"

हळूच उत्तर आलं, "गुळाचा खडा खाल्ला. दोनतीनदा."

"सापडलीस!" मी खरंच असं म्हटलं. मोठ्याने. शेजारच्या टेबलावर प्रशांत दचकला.

"ताई, घाम येतो हो एकदम. हात कापतात. गूळ खाल्ला की बरं वाटतं..."

"मार्च महिना आहे, घाम सगळ्यांनाच येतो! बहाणे नकोत. तुझ्या जिभेपायी बाळाला त्रास होणार आहे, कळतंय का? गूळ बंद म्हणजे बंद. घरात दिसता कामा नये!"

ती रडली. मला वाटलं, चोर सापडला की रडतोच.

आता एक कबूल करते. घाम, थरथर, गरगर ही साखर खाली गेल्याची लक्षणं आहेत. वाढल्याची नव्हेत. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. या विषयावर मी दोनदा पोस्टर केलंय. पण माझ्यासमोर वही होती, आणि वहीवर माझा जीव होता.

मॅडमना मी एवढंच कळवलं, "गूळ खाते." घामाचं सांगितलंच नाही.

* * *

त्या शनिवारी मी न कळवता कोमलच्या घरी गेले. गुळाचा डबा रंगेहाथ पकडायचा, असा बेत! इस्माईलभाईंना गाडी लांब उभी करायला लावली.

दार उघडं होतं. ओट्यावर सुमनकाकू एकट्या बसलेल्या. पुढे मशीन, मांडीवर वही. त्यांनी करंगळी टोचली, थेंब पट्टीला लावला, आकडा बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि पेन्सिलीने वहीत लिहिला.

"काकू! कोमल कुठे आहे?"

"अगं बाई, या की मॅडम! कोमल? कळवणला, माहेरी. पहिलं बाळंतपण ना. डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशीच भाऊ येऊन घेऊन गेला. आता महिना होईल."

"मग... हे कुणाचं रक्त?"

"माझं."

त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं विचारलं.

"तुमीच म्हणाल्या, मशीन इकडं तिकडं न्यायचं नाय. एक खाना रिकामा ठेवायचा नाय. पोरीचं नाव कापलं गेलं असतं. मंग म्हटलं, घर एक, चूल एक, मीच टोचते." त्यांनी बोटं पुढे केली. दहाही बोटांवर काळे ठिपके. "आणि फसवाफसवी नाय बरं का. भिंतीवरचा तुमचा तक्ता बघून तेच खाते. भात सोडला, चहातली साखर सोडली. तरी मेली उतरत नाय! मला तर वाटतंय, कोमल तिकडं कळवणला कायतरी गोडधोड खातेय."

म्हणजे कोमलने कळवणला गूळ खायचा आणि साखर पिंपळगावात सुमनकाकूंच्या बोटात चढायची! एरवी मी आठवडाभर हसले असते.

पण त्या आकड्यांवर आम्ही दोनदा इंजेक्शन वाढवलं होतं. नितीन नवा आकडा फोनवर कळवायचा, आणि सासूच्या साखरेचं इन्सुलिन सून कळवणला टोचून घेत होती! तिला वाटलं असणार, महिने चढतात तसं इंजेक्शन वाढत असेल. मॅडमनीच सुरुवातीला तसं सांगितलं होतं. आणि साखर खाली गेली की जो गुळाचा खडा तिला आणि बाळाला सावरत होता, तो मी तीन दिवसांपूर्वी बंद केला होता.

मी कोमलला फोन लावला. बंद.

"इस्माईलभाई! कळवण!"

मशीन उचललं आणि पळाले. मागून सुमनकाकू ओरडत होत्या, "अहो, आज रातचा खाना रिकामा राहील की!"

वणी मागे पडल्यावर इस्माईलभाई एवढंच म्हणाले, "मॅडम, दरवाजा घट्ट धरा."

रस्ता विचारत विचारत कळवणजवळ तिच्या माहेरी पोचलो तेव्हा कोमल खाटेवर पडून होती. अंग घामाने भिजलेलं, डोळे उघडे पण नजर कुठेतरीच. फोन उशाशी, चार्जिंग संपलेलं. मी बोट टोचलं. आकडा फारच खाली गेला होता.

"गूळ!" मी ओरडले. "गूळ आणा! लवकर!"

तिची आई जागची हलली नाही. "घरातला गूळ तर तुमीच बाहेर काढायला लावला. बुधवारीच शेजारी देऊन टाकला."

मग मात्र ती धावली. शेजारून वाटीभर गूळ आला, पाण्यात कालवला, मी चमच्याचमच्याने पाजला. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं. आकडा चढत होता. कोमलने माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली, "ताई, मी तीन दिवस खरंच नाही खाल्ला."

मॅडमना फोन केला. या वेळी सगळं सांगितलं, घामासकट. त्यांनी इंजेक्शन थांबवलं, ताबडतोब नाशिकला आणायला सांगितलं. तेवढ्यात कोमलने पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "लाथ मारली."

गाडीत मागची सीट मोकळी केली. निघायच्या आधी तिच्या आईला सगळं समजावून सांगणं भाग होतं. सांगितलं. वही कुणी भरली, रक्त कुणाचं होतं, इंजेक्शन का वाढलं, माझं कुठे चुकलं. साखर कोमलची नव्हे, तिच्या सासूबाईंची वाढलेली आहे आणि आता त्यांनाही उपचार लागतील, हेही सांगितलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे विहीणबाई महिनाभर रोज चार वेळा बोट टोचून घेत होत्या? माझ्या पोरीसाठी?"

"हो."

"आणि मी म्हणत होते, मशीन दाबून ठेवलं त्यांनी." तिने पदराने डोळे पुसले, पुन्हा शेजारी गेली आणि येताना दोन्ही हातांत एक नवी कोरी, फडक्यात बांधलेली गुळाची ढेप घेऊन आली. विहीणबाईंना पाठवायची म्हणून गुऱ्हाळातून आणलेली, तीही माझ्या धाकाने बुधवारीच शेजारी ठेवायला दिलेली.

एकदा गाडीतल्या लेकीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"मंग मॅडम, ही आता कुठल्या घरात ठेवायची, ते तेवढं नीट विचारून सांगा."